उभी राहू का? : वस्तीत चौदा वर्षे काम करणाऱ्या वाचक भगिनीस उत्तर

पत्राचा सारांश: मी पुण्यात टेकडीलगतच्या एका वस्तीत राहते. वय ४३, शिक्षण बारावी. गेली चौदा वर्षे आम्ही काही जणी मिळून महिला मंडळ चालवतो. नळजोड, सार्वजनिक स्वच्छतागृह, रेशन कार्ड, शाळाप्रवेश अशी कामे करतो. जानेवारीच्या महापालिका निवडणुकीनंतर वस्तीतील लोक म्हणू लागले आहेत की, पुढच्या वेळी तुम्हीच उभ्या राहा. एका पक्षाचे स्थानिक पुढारी घरी येऊन गेले. ‘आतापासून आमच्यात या, गणपतीत भावी नगरसेविका म्हणून फ्लेक्स लावू, खर्च आमचा,’ असे म्हणाले. आमचे मिस्टर तयार आहेत, ‘आपण उभे राहू’ म्हणतात. मंडळातल्या दोघी मात्र तेव्हापासून बैठकीला येत नाहीत. तुम्ही महापालिकेत नोकरी केलेली आहे, म्हणून विचारते. उभी राहू का? अपक्ष की पक्षाकडून? सोबत आमच्या वहीतील काही पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी एकदा वाचले आणि वहीची पाने तीनदा. एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात बसून तीस वर्षे मी सभेची इतिवृत्ते लिहिली. त्यामुळे कोणी लिहिलेली नोंद समोर आली की डोळा आपोआप तिच्यावर खिळतो. आपली एक नोंद अशी आहे : ‘गल्ली ४, कोपऱ्यावरचे चेंबर तुंबले. १२ जूनला अर्ज. जे.ई. साहेब रजेवर. १९ जूनला पुन्हा गेलो. मुकादम म्हणाले मशीन नाही. २३ जूनला मशीन आले, पाइप पुरला नाही.’ सभागृहात या चेंबरवर तासभर चर्चा झाली असती, तरी माझ्या इतिवृत्तात एवढेच उरले असते की, ‘सन्माननीय सभासदांनी ड्रेनेजच्या प्रश्नाकडे प्रशासनाचे लक्ष वेधले.’

आपण पाठवलेल्या पानांवर एकूण ३१ नोंदी आहेत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांतच शोधले. त्यांतील नऊ नोंदी रेशन कार्ड, जातीचा दाखला आणि आधार कार्डावरील पत्ता यांच्या आहेत. ही कामे महापालिकेची नाहीतच. ती अन्नधान्य वितरण कार्यालयात, तहसीलमध्ये किंवा आधार केंद्रावर होतात, आणि नगरसेविका झाल्याने तेथील रांग कमी होत नाही. एकवीस नोंदी तुंबलेली चेंबरे, बंद दिवे, कचऱ्याची न आलेली गाडी, नळाचा कमी दाब अशा आहेत. ही कामे क्षेत्रीय कार्यालयाची असून ती बहुतांशी आपल्या हेलपाट्यांनी झालेली आहेत. नगरसेवकाच्या फोनने मशीन २३ तारखेऐवजी १४ तारखेला आले असते, हे मी नाकारत नाही. परंतु कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे असतो, नगरसेवकाकडे नव्हे. लोक मात्र दिव्यासाठी, चेंबरसाठी नगरसेवकाच्याच दारात उभे राहतात आणि त्याची पाच वर्षे मुकादमाला फोन लावण्यात सरतात. केवळ या तीस नोंदींसाठी आपण उभ्या राहणार असाल, तर मी नको म्हणेन. जे काम आपण आज विनापद उत्तम करीत आहात, तेच करण्यासाठी एवढा व्याप कशाला?

एकतिसावी नोंद वेगळी आहे. २०२१ सालच्या पानावर आपण लिहिले आहे : ‘गल्ली ४ ते ७ नवीन ड्रेनेज लाइनचे पैसे बजेटमध्ये पडले होते. आता ऑफिसात म्हणतात पैसे गेले. कोणी नेले कळले नाही.’

कोणी नेले असतील, ते मी सांगू शकतो. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवण्याला ‘वर्गीकरण’ म्हणतात, हे आपण कदाचित ऐकले असेल. आर्थिक वर्ष संपत आले की वर्गीकरणाच्या प्रस्तावांचा ढीग स्थायी समितीपुढे आणि तिथून मुख्य सभेपुढे येतो. खर्च न झालेली तरतूद ३१ मार्चला वाया जाईल, हे त्याचे समर्थन असते आणि कित्येकदा ते खरेही असते. पण ज्या वस्तीची तरतूद वळवली जाते, तिच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, तर ड्रेनेज लाइनचे पैसे दुसरीकडच्या पेव्हर ब्लॉकना किंवा कमानीच्या सुशोभीकरणाला जातात. कागदावर हा एका ओळीचा विषय असतो. सभेत विषयाचा क्रमांक पुकारला जातो, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज होतो आणि पुढचा क्रमांक पुकारला जातो. मी हातातले पेन खाली ठेवण्याच्या आत असे चार-पाच विषय झालेले पाहिले आहेत. अशा वेळी बाहेरच्या माणसाला प्रेक्षक गॅलरीत बसता येते, तोंड उघडता येत नाही. उठून ‘या विषयाला माझा विरोध आहे, मतदान घ्या’ असे म्हणण्याचा अधिकार फक्त सभासदाला आहे.

म्हणून माझे उत्तर ‘उभ्या राहा’ असे आहे, आणि ते त्या एकतिसाव्या नोंदीमुळे आहे. वस्तीतील लोक आग्रह करीत आहेत, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. लोक चांगल्या माणसाला उभे राहा म्हणतात आणि मतदानाच्या दिवशी गावाला जातात, हेही मी पाहिलेले आहे.

आपल्या मार्गाने सभागृहात गेलेल्या बाईंचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वैद्यकीय शिक्षण सोडून मृणाल गोरे गोरेगावात पाण्याच्या, स्वच्छतेच्या आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करीत राहिल्या आणि १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना हंडे घेऊन मोर्चा काढणाऱ्या बायकांमुळे मिळाले, पदामुळे नव्हे. आणि नगरसेविका झाल्यावरही त्यांनी मोर्चे सोडले नाहीत. पुढे १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या, त्याच काळात महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, त्यातही त्या पुढे होत्या. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीमध्ये, दिल्लीवाली बाई पाण्यामध्ये’ ही घोषणा घरोघर झाली. हे सांगताना एक गोष्ट मात्र सहसा गाळली जाते : मृणालताई अपक्ष नव्हत्या. त्या समाजवादी पक्षाच्या होत्या आणि त्यांच्यामागे राष्ट्र सेवा दलातून तयार झालेली माणसे होती.

येथे आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि येथे मन थोडे घट्ट करावे लागेल. जानेवारीत पुण्यात प्रभाग चार सदस्यांचे होते (एक पाच सदस्यांचा होता) आणि चार सदस्यांच्या एका प्रभागात साधारण ८० हजारांहून अधिक लोकसंख्या होती. आपल्या वस्तीत आपल्याला ओळखत नाही असे घर नसेल, परंतु आपली वस्ती म्हणजे प्रभागाचा एक कोपरा आहे. मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची असतात. बहुतेक मतदार एकच चिन्ह शोधून तेच चार वेळा दाबत जातात, आणि तीन ठिकाणी चिन्ह दाबून चौथ्या ठिकाणी थांबून आपले नाव हुडकणारा मतदार विरळा असतो. एकसदस्यीय वॉर्डात अपक्षाला वस्तीच्या बळावर निवडून येण्याची जी संधी होती, ती या रचनेत फार आकसलेली आहे. मुंबईत प्रभाग अजूनही एकसदस्यीय आहेत. तिथून हे पत्र आले असते, तर कदाचित मी वेगळे लिहिले असते.

पक्षाकडून उभे राहिल्यास चिन्ह मिळते, पण त्याबरोबर पॅनेलमधील इतर तिघेही मिळतात. त्यांच्यापैकी कोणी वस्तीची जागा बिल्डरच्या घशात घालणारा निघाला, तरी पत्रकावर आपला फोटो त्याच्या शेजारीच छापला जाणार. निवडून आल्यावर पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा आदेश, येतो, आणि एखाद्या वर्गीकरणाच्या वेळी तो आपल्याच वस्तीच्या विरोधात येऊ शकतो. म्हणून पुढाऱ्यांनी तिकिटाचा शब्द दिला, तर त्यांना तिकिटाबद्दल विचारू नका, त्या दिवसाबद्दल विचारा : ‘माझ्या वस्तीचे पैसे दुसरीकडे वळवण्याचा विषय आला आणि पक्षाने मंजूर म्हणायला सांगितले, तर मी काय करायचे?’ ते हसून विषय बदलतील, की थोडा वेळ गप्प राहून काहीतरी खरे बोलतील, त्यावरून आपल्याला पुष्कळ कळेल. एकट्याने विरोधात मत देण्याची परंपरा पुण्याला नवीन नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. ठराव मंजूर झाला, ही गोष्ट वेगळी. पण जोतीराव नियुक्त सदस्य होते, त्यांना एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाची, चिंता नव्हती.

एबी फॉर्मचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. आज मिळालेला शब्द आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मिळणारा फॉर्म यांत पाच वर्षांचे अंतर आहे. गेल्या निवडणुकीत पुण्यात एका इच्छुकाने प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची बातमी आपणही वाचली असेल. हसू आले तरी त्यामागची अगतिकता खरी होती. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्यांना दुपारी तीनच्या मुदतीच्या अर्धा तास आधी कळते की, फॉर्म दुसऱ्याला गेला.

त्याहून मोठी अनिश्चितता प्रभागाचीच आहे. पुण्यात २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ साली एका सदस्याचे, २०१२ साली दोन सदस्यांचे आणि २०१७ साली चार सदस्यांचे. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले, तेव्हा कुठे सभागृहे पुन्हा उघडली. २०३१ साली प्रभाग किती सदस्यांचा असेल, त्याची हद्द आपल्या वस्तीच्या नाल्याअलीकडे असेल की पलीकडे आणि सोडतीत कोणती जागा कोणासाठी राखीव निघेल, हे आज ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याने आपल्याला त्यांतली एखादी मिळण्याची शक्यता बरी आहे, एवढेच. मग ज्या प्रभागाचा नकाशाच अस्तित्वात नाही, त्याची ‘भावी नगरसेविका’ म्हणून येत्या गणपतीत मिरवायचे ते कशासाठी? शिवाय आपल्या वहीत मागच्या पावसाळ्यातील एक नोंद आहे : ‘विजेच्या खांबावरचे फ्लेक्स काढण्याबाबत अर्ज.’ त्याच खांबावर आपला हसरा चेहरा लागलेला मला डोळ्यांसमोर येतो, आणि अर्ज घेणारा कारकूनही.

फ्लेक्सला नकार द्या. खर्च त्यांचा असला तरी, किंबहुना खर्च त्यांचा आहे म्हणूनच.

या पाच वर्षांत करण्याजोगे पुष्कळ आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे प्रभाग समितीवर मान्यताप्राप्त स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरील संस्थांच्या जास्तीत जास्त तीन सदस्यांची नियुक्ती करता येते. या जागांवर बहुधा पक्षांच्या कार्यकर्त्यांची सोय लावली जाते, तरीही आपल्या मंडळाच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्या. नाकारले गेले तरी कोणाला घेतले, ते कागदावर येईल. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची पद्धत आहे, तिचा फॉर्म दरवर्षी भरा. अंदाजपत्रक मंजूर झाले की आपल्या भागाची पाने काढून घ्या, नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या, म्हणजे ‘स’ यादीतील कामेही पाहा, आणि वहीत एक नवा रकाना आखा : तरतूद किती, निविदा कधी, वर्कऑर्डर कधी, वर्गीकरण झाले का. सभेला कोणीतरी प्रेक्षक गॅलरीत बसा. मतदार यादीचेही काम याच काळातले आहे. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडली जाते. त्यामुळे नव्याने अठरा पूर्ण केलेल्यांचा फॉर्म ६ आणि घर बदललेल्यांचा फॉर्म ८ आज भरला गेला नाही, तर ऐन वेळी आरडाओरडा करून उपयोग होत नाही. हे काम करताना कोण कोणाला मत देणार, याची चौकशी मात्र करू नका.

अपात्रतेचा एक मुद्दा मी जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या पत्रातील एका ओळीने मला थबकायला लावले. मंडळातील बायकांच्या बचत गटाकडे सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या देखभालीचे काम आहे आणि त्याचे पैसे महापालिकेकडून येतात, असे आपण अभिमानाने लिहिले आहे. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे, हे सभासदाच्या अपात्रतेचे कारण आहे. आपण गटाच्या सभासद असाल, खात्यावर आपली सही असेल, तर अर्जाच्या छाननीत प्रतिस्पर्ध्याचा वकील नेमका तोच कागद पुढे करील. आजच एखाद्या जाणत्या वकिलाला करारपत्र दाखवा आणि गरज असल्यास वेळेत बाहेर पडा. थकबाकी, घराचे वाढीव बांधकाम आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यांची संख्या याही बाबी त्याच बैठकीत विचारून घ्या. राखीव जागेवरून लढायचे ठरल्यास जात वैधता प्रमाणपत्र लागेल, आणि ते मिळायला किती चकरा होतात, हे मी आपल्याला काय सांगावे!

पैशांचे म्हणाल, तर जानेवारीत पुण्यासाठी उमेदवारामागे १५ लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. ती मर्यादा आहे. तेवढा खर्च करावाच लागतो, असे नाही. आपण दोन लाखांत लढलात तरी दररोजचा हिशेब लिहा आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो सादर करा. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि त्यामुळे अपात्र ठरवले जाऊ शकतात. मंडळाच्या खात्यातील एक रुपयाही प्रचाराला वापरू नका. घर किंवा दागिने गहाण ठेवू नका. कर्ज काढून निवडून आलेल्या माणसाला वर्गीकरणाच्या वेळी गप्प बसवणे फार सोपे असते.

मिस्टरांविषयी लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. ‘आपण उभे राहू’ हे त्यांचे वाक्य आपण सहज लिहून गेलात. त्यात प्रेम असेल, सोबत असेल, मी शंका घेत नाही. पण माझ्या नोकरीच्या काळात कित्येक सन्माननीय सभासद बाईंच्या सह्या घेण्यासाठी शिपाई त्यांच्या यजमानांच्या मोटारीकडे जात असे, आणि बाई सभागृहात शेजारच्या सभासदाला विचारून हात वर करीत. आपल्याबाबत तसे होणार नाही, कारण आपण चौदा वर्षे अर्ज स्वतः लिहिले आहेत. तरीही आतापासून एक नियम घरात सांगून ठेवा : पुढारी, अधिकारी किंवा ठेकेदार कोणीही भेटायला आला तरी बोलणे आपल्याशी होईल, आणि आपण घरी नसाल तर निरोप ठेवला जाईल, शब्द दिला जाणार नाही. ते मानत असतील, तर त्यांच्याइतका चांगला प्रचारप्रमुख आपल्याला मिळणार नाही.

राहिला मंडळाचा प्रश्न, आणि मला तोच सगळ्यांत नाजूक वाटतो. उद्या आपण गल्लीत गेलात आणि चेंबर साफ करून घेतलेत, तर ‘ताई उभ्या राहणार म्हणून करतात’ असे कोणीतरी म्हणेल. आपल्या कामाचा अर्थ बदलेल, काम तेच असले तरी. त्या दोघींनी बैठकीला येणे सोडले, ते बहुधा रागाने नव्हे. जे मंडळ सगळ्यांचे होते, ते एकीचे होणार, अशी भीती त्यांना वाटत असावी, आणि ती निराधार नाही. निवडणुकीच्या किमान वर्षभर आधी आपण मंडळाचे अध्यक्षपद आणि बँकेची सही सोडा, हे आजच बैठकीत सांगा आणि ठरावात लिहून घ्या. वही मंडळाकडे राहील, आपण निवडून आलात तरी आणि पडलात तरी. आणि आपण नगरसेविका झाल्यावर त्याच वहीत आपल्या नावाने तक्रारी लिहिण्याचा अधिकार मंडळाला राहील, हेही त्यात घाला. पुण्यातच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांचे प्रश्न सभागृहाबाहेर राहून लढत आली आहे; बाहेरची ताकद ही आतल्या ताकदीची पूर्वतयारी आहे असे मानून ती मोडीत काढू नये.

पुढाऱ्यांना उत्तर देण्याची घाई नाही, ते पुन्हा येतील. त्यांच्याआधी त्या दोघींच्या घरी जा. निवडणुकीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. वही घेऊन जा, २०२१ चे पान उघडा आणि गल्ली ४ ते ७ च्या ड्रेनेज लाइनसाठी येत्या अंदाजपत्रकात पुन्हा तरतूद मागायची असेल तर अर्ज कोणी लिहायचा, ते त्यांना विचारा.

आपला,
सदरलेखक